पाठ झालेला उतारा

झेरॉक्स मशीनने त्या उंच माणसाचा कागद गिळला होता आणि मागे उभ्या असलेल्या शिक्षिकेला घाई होती. खरं तर घाईपेक्षा राग जास्त होता.

"जरा सरका. दुपारी यादी लागायच्या आत मला अर्ज द्यायचाय."

"कसली यादी?"

"तिसऱ्या पायरीची." शाळेत मदतीच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली सगळ्या वर्गाला, दुसरी चार-पाच मुलांच्या गटाला आणि तिसरी एकट्या मुलाला, रोज अर्धा तास. "माझ्या वर्गातल्या चिमणीचं नाव कुणा शहाण्याने कापलंय. म्हणे तिला वाचता येतं. कधी वर्गात डोकावलाय का तो?"

तो खाकरला. "तो शहाणा... मीच. मदतवर्गाचा नवा शिक्षक."

दुसरी कुणी असती तर ओशाळली असती. हिचा पारा आणखी चढला. "बरं झालं, आयतेच सापडलात."

"गटात सहा आठवडे चाचणी घेतली, बाई. शेवटी एकही चूक नव्हती."

"उतारा कोणता?"

"एकच ठेवला. प्रगती नीट मोजता यावी म्हणून..."

"सहा आठवडे एकच? अहो, तो पाठ झालाय तिला. वाचता येत नाही हे लपवण्यातच त्या पोरीची सगळी हुशारी जाते."

तो मुकाट्याने तिच्यामागून वर्गात आला. त्याने चिमणीपुढे दुसराच उतारा ठेवला. तिने ओळींखालून बोट फिरवत जुनाच उतारा घडाघडा म्हटला, आणि दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून हळूच विचारलं, "बाई, आज चुकलं का?"

त्याचे कान लाल झाले. "तू नाही," तो म्हणाला, "मी चुकलो."

तिचा अर्ज पाहून मुख्याध्यापकांनी मात्र नकारार्थी मान हलवली. तिसऱ्या पायरीच्या जागा आठच होत्या आणि आठही भरल्या होत्या.

"मी मधल्या सुट्टीत शिकवीन तिला," तो म्हणाला.

"अजिबात नाही," ती कडाडली. "तिच्या खेळण्याच्या वेळेत उपकार कसले करताय? हक्क आहे तिचा. यादीत नाव घाला."

मुख्याध्यापक काही म्हणायच्या आत त्याने पेन काढलं, नववं नाव लिहिलं आणि शेजारी 'चूक माझी' असं लिहून सही केली. तिने तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं... आणि पटकन नजर वळवली.

पुढे महिनाभर ती रोज मदतवर्गाच्या दाराशी उभी राहायची.

"अजून विश्वास नाही?" तो विचारायचा.

"नाही."

"मग उद्याही याल?"

"यावंच लागणार."

एके दिवशी तो व्हरांड्यात धावतच आला. "नवा उतारा दिला होता. नऊ चुका केल्या तिने."

"नऊ?"

"प्रत्येक शब्दाशी झटापट करून वाचलं हो... शेवटपर्यंत."

तिचे डोळे भरून आले. ते लपवायला तिने आवाज चढवला. "हे त्या सहा आठवड्यांतच व्हायला हवं होतं. त्याबद्दल मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही."

"कधीच म्हणजे... जन्मभर रागावणार?"

"हो."

"मग लग्नच करा माझ्याशी. रोज कुठे शोधत बसाल?"

त्याच्या हातातला उताऱ्याचा कागद तिने काढून घेतला, नऊच्या नऊ खुणा बोटाने मोजल्या आणि म्हणाली, "करेन. पण राग तसाच राहील."