बर्गनची माटोळी

ठरलं होतं दोघांचं. पण जहाजाच्या गँगवेच्या खाली पावसात दोघं आधीच उभे होते, म्हणजे गौरवी धरून तिघं झाले.

गौरवी शेवटच्या पायरीवर थबकली. रुद्रेशची काळी छत्री तिनं वरूनच ओळखली होती. छत्रीखाली रुद्रेश असणार हेही ठरलेलंच होतं. पण त्याच्या शेजारी, आपले पांढरे बूट भिजू नयेत म्हणून अगदी खेटून... अश्विनी!

"आयलें गो?" रुद्रेश हसला. "अश्विनीकूय सुट्टी मेळ्ळी. म्हळें, तिगांय जावया."

"बरें जालें," गौरवी म्हणाली. बरं वगैरे काहीही झालेलं नव्हतं.

गौरवी पेडण्यातल्या धारगळची. जहाजावरच्या सोळा केबिनी तिच्या हाताखाली होत्या, आणि टॉवेलच्या घड्या घालून ती असे हत्ती करायची की प्रवाशांची पोरं आंघोळीला टॉवेल वापरायचीच नाहीत. रुद्रेश डिचोलीतल्या सुर्ल्याचा. खाण बंद पडली, वडिलांचा खनिजाचा ट्रक अंगणात उभा राहिला आणि पोरगा जहाजाच्या बेकरीत शिरला. तीन महिन्यांपूर्वी क्रूच्या मेसमध्ये गौरवी हातात ताट घेऊन रांगेत उभी होती. घरच्या आठवणीनं डोळे भरून आलेले. तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "तो पाव नाका घेवूं. उंडो घे. आयज चोरून भाजला." तिनं वळून पाहिलं. गोव्यातला तो गोल, कडक कवचाचा उंडा गरम होता, आणि देणारा लाजत होता. त्या दिवसापासून तिच्या ताटात रोज उंडा यायला लागला. बोलणं मात्र उंड्यापुढे काही सरकलं नाही.

आणि आता दहा दिवसांनी रुद्रेशचा करार संपणार होता. तो गोव्याला जाणार, आणि हिचे चार महिने अजून बाकी. किनाऱ्यावर एकत्र उतरायचा हा शेवटचा दिवस. आज तो काहीतरी बोलेल, नाही तर मग कधीच नाही, असं गौरवीनं सकाळी आरशासमोर वेणी घालताना स्वतःला बजावलं होतं. केसांना नवीन क्लिपही लावली होती. ती आता प्लॅस्टिकच्या रेनकोटाच्या टोपीखाली चेपून गेली होती.

कामही तसंच होतं. उद्या चवथ. मेसच्या कोपऱ्यात कागदाचा गणपती पुजायला कॅप्टननं परवानगी दिली होती. पण माटोळीशिवाय गणपती म्हणजे गोंयकाराला घराला छप्पर नसल्यासारखंच. देवाच्या डोक्यावर आडव्या पट्ट्यांना रानातली फळं, पानं, सुपारीचे घोस, तवशी बांधल्या नाहीत तर चवथ कसली? पट्ट्यांच्या जागी रुद्रेशनं पाव गार करायची जाळी घेतली होती. सामान तेवढं या नॉर्वेतल्या बर्गन शहरातून आणायचं होतं. त्यासाठी त्यानं सिक्युरिटीकडून लेखी चिठ्ठीसुद्धा आणली होती.

"हांगा पावस केन्नाच थांबना म्हण," अश्विनी छत्रीखालून म्हणाली. "गौरवी, तूं भिजता गो."

"माका भिजपाची संवय आसा."

अश्विनी रिसेप्शनला होती. इंग्रजी अशी बोलायची की तक्रार घेऊन आलेला प्रवासी थँक्यू म्हणून परत जायचा. वर ती सुर्ल्याचीच, रुद्रेशच्या वाड्यावरची. गौरवीला मत्सर वाटत नसे, असं गौरवीचं स्वतःचं म्हणणं होतं. धक्क्यावरच्या लाल-पिवळ्या लाकडी घरांसमोर रुद्रेशनं तिचे दोन फोटो काढले आणि अश्विनीचे सात. तिनं मोजले, एवढंच.

उतारावरून चढणाऱ्या छोट्या रेल्वेनं तिघं डोंगरमाथ्यावर पोचले. खाली सगळं शहर, बंदर आणि त्यात त्यांचं पांढरं जहाज, आंघोळीच्या टबात सोडलेलं वाटावं एवढं. मागे रान. सूचिपर्णी झाडांखाली ओल्या मातीचा वास आला आणि गौरवीला क्षणभर घरच आठवलं. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजीला रुद्रेशनं विचारलं, तोडलं तर चालेल का? आजी म्हणाली, रान सगळ्यांचं आहे, खुशाल घ्या.

मग तिघं कामाला लागले. गौरवीला सूचिपर्णीची शंकूफळं मिळाली, निळ्या बोरांच्या डहाळ्या मिळाल्या, जांभळ्या फुलांची झुडपं मिळाली. पण मान पटकावला अश्विनीनं. ती एका खडकावर चढली आणि लालचुटूक फळांचा हा एवढा घोस तोडून घेऊन आली. उतरताना तिचं कोपर खरचटलं.

"आरे देवा!" रुद्रेश धावला. खिशातला रुमाल काढला, झटकला, तिच्या कोपराला बांधला. गाठ मारायला जरा जास्तच वेळ लागला, असं गौरवीला वाटलं. तो रुमाल गौरवीनंच धुऊन दिलेला होता. इस्त्री करून!

"कशें दिसता?" अश्विनीनं घोस वर धरला.

"माटोळयेची राणी!" रुद्रेश म्हणाला.

राणी. गौरवीनं हातातल्या शंकूफळाकडे पाहिलं.

ती आणखी डहाळ्या आणते म्हणून झाडांआड गेली. परत आली तेव्हा दोघं तिच्याकडे पाठ करून बाकावर बसले होते. फोनवर रुद्रेशची आई होती, सत्यवतीमावशी. अश्विनीनं फोन आपल्या हातात धरला होता, रुद्रेश तो ओढून घ्यायला बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"मावशे, तूं कसलीच चिंता करूं नाका," अश्विनी हसत सांगत होती. "फुडल्या चवथीक तुमगेर वजें येतलें म्हण समज!"

गौरवी जागच्या जागी उभी राहिली. वजें म्हणजे काय हे पेडण्या-डिचोलीतल्या पोरीला सांगायला नको. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या माहेरून सासरी जातं ते. नारळ, लाडू, नेवऱ्या, फळं, माटोळीचं सामान, सगळं वाजतगाजत. म्हणजे ठरलं. वाड्यावरची मुलगी, आईच्या ओळखीची. उंडे हिला आणि वजें तिच्या घरचं!

तिला रडायचं होतं. रडू आलं नाही, राग आला.

निघताना अश्विनीनं आपली कापडी पिशवी तिच्या हातात दिली. "धर गो मात्शें, माका शाल घालूं दी." लाल घोस पिशवीतून डोकावत होता. दोघं बोलत पुढे गेले. गौरवीनं त्यांच्या पाठी पाहिल्या, एकाच छत्रीखालच्या. मग पिशवी बाकावर ठेवली, आणि मागे न बघता चालू लागली.

खाली मासळीबाजाराजवळ पोचल्यावर अश्विनीनं हात पुढे केला. "म्हजी पोती?"

"वयर... उरली," गौरवी म्हणाली.

अश्विनीचा चेहरा उतरला. तिनं ना आरडाओरडा केला, ना टोमणा मारला. रुमाल बांधलेलं कोपर नुसतं चोळलं. "वचूं दी गो. जाता केन्ना केन्ना. माका तीन वरांची ड्युटी, हांव वतां." ती पावसात जहाजाकडे निघाली. ती भांडली असती तर फार बरं झालं असतं, असं गौरवीला वाटलं.

"हांव हाडटां," रुद्रेश म्हणाला.

"हांवूय येतां."

रेल्वेच्या डब्यात दोघंच होती. काचेवर पाणी ओघळत होतं. साडेतीनच्या आत जहाजावर पोचायचं होतं आणि घड्याळात दोन वाजून गेले होते.

"रुद्रेश..." ती काचेकडे बघत म्हणाली. "हांव विसरूंक ना. मुद्दाम दवरली."

"कितें?"

"पोती. बाकार. मुद्दाम."

"कित्याक?"

"तूं तिका राणी म्हळें! रुमाल म्हजो धुयल्लो आनी बांदलो तिच्या कोपराक! सात फोटो काडले! आनी वजें... हांवें आयकलें सगळें. आतां तुका कितें म्हणपाचें तें म्हण."

तिनं वळून रुद्रेशकडे पाहिलं तर तो हसू दाबत होता. दाबताना त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"जळटा तूं?"

"हय!" ती जवळजवळ ओरडली. "जळटां! कितें करतलो?"

डबा थांबला. दोघं बाकाकडे धावले, आणि तिथे पोचून उभेच राहिले. या डोंगरावर गळ्यात पट्टे बांधलेल्या बकऱ्या मोकळ्या चरतात. त्यातली एक पांढरी, दाढीवाली बकरी बाकावर पुढचे पाय टेकून उभी होती. पिशवी खाली पडली होती. माटोळीची राणी बकरीच्या तोंडात होती, आणि ती अगदी निवांत चघळत होती.

"हाड! हाड गो!" गौरवी त्याची छत्री घेऊन धावली. बकरीनं धारगळची बोली बरोबर ओळखली असावी, कारण ती निघून गेली. मागे उरली पानं झडलेली डहाळी आणि तिला लटकलेला एकच छोटा झुपका. गौरवी डहाळी हातात घेऊन मटकन बाकावर बसली आणि आता मात्र रडली.

रुद्रेश शेजारी बसला. छत्री त्यानं तिच्या बाजूला झुकवली, स्वतःचा खांदा भिजू दिला.

"अश्विनीक हांवेंच यो म्हळ्ळें," तो म्हणाला. "तुज्याकडेन एकटो आसलों काय म्हज्या तोंडांतल्यान उतर भायर सरना. तीन म्हयने उंडे भाजतां... तुका कळना?"

"उंडे तूं सगळ्यांक दिता."

"सगळ्यांक पाव दितां. उंडो एकच भाजतां."

गौरवीनं डोळे पुसले.

"काल आवयक सांगलें. म्हळें, धारगळचें एक चेडूं आसा. आजून विचारूंक ना. आवय अश्विनीक सारकी विचारीत आशिल्ली, कशें आसा, कितें करता. अश्विनीन म्हळें, वजें येतलें." तो थांबला. समोरच्या धुक्याला सांगावं तसं बोलला, "येतलें मगो, गौरवी? तुमगेल्या घरचें वजें... आमगेर?"

तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात खाली बंदरात जहाजाचा भोंगा वाजला.

"धांव!" ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून पळाली. उत्तर राहून गेलं. हात मात्र तिनं गँगवेपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी मेसमध्ये पावाची जाळी छताला टांगली गेली. रुद्रेश खुर्चीवर उभा राहून सुतळीनं एकेक वस्तू बांधत होता. शंकूफळं झाली, निळी बोरं झाली. अश्विनी ड्युटी संपवून आली तेव्हा गौरवी तिच्यासमोर ती उघडी डहाळी घेऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं, मत्सरासकट.

अश्विनी तिच्याकडे बघत राहिली. मग डहाळी घेतली, उरलेला झुपका फिरवून पाहिला.

"खडपार चडून कोपर फोडलें हांवें," ती म्हणाली, "आनी चवथ पावली बोकडेक!" आणि खो खो हसत सुटली. "बांद रे रुद्रेशा, मधोमध बांद. आनी गौरवी, म्हज्या शालीक इस्त्री करून दी. आठ दीस."

"पंदरा दीस दितां," गौरवी म्हणाली.

तिनं फोन काढला. धारगळला साडेनऊ झाले असणार. हायवेवरची शेड आवरून बाबा जेवायला बसले असतील. आठ दिवस लोकांना माटोळीचं सामान विकून दमलेले.

"बाबा, जेवलो?... हय, हांगाय माटोळी बांदली. बरी जाल्या." तिनं वर पाहिलं. रुद्रेश झुपक्याची गाठ मारत होता, पण कान इकडेच होते. "बाबा, आयक मरे. फुडल्या चवथीक सगळें सामान विकूं नाका. एक माटोळी कुशीक दवर. बरी, व्हडली. नारळूय दवर."

"कित्याक गो?" बाबांचा आवाज फोनमधून सगळ्यांना ऐकू आला. "आमची आसा न्ही?"

"आमची न्ही, बाबा. वजें धाडपाचें आसा."

पलीकडे ताटावरचा हात थांबला असावा. "वजें? खंय?"

वरून सुतळीचं बिंडं सुटलं आणि घरंगळत तिच्या पायाशी आलं. गौरवीनं ते उचलून खुर्चीवर उभ्या असलेल्या रुद्रेशच्या हातात दिलं.

"सुर्ल्याक," ती म्हणाली.