गाळलेले ठोके

कंदील जरा इकडे सरकव. वीज आली तरी असू दे, हे सांगायला मला तोच उजेड बरा वाटतो.

पट्टा परत द्यायचा होता, म्हणून त्या दिवशी मी तो सकाळीच धुऊन तारेवर वाळत घातला होता. धावणारे छातीला बांधतात तो काळा पट्टा. आतल्या बाजूला दोन गुळगुळीत चकत्या आणि मध्ये सेन्सर. हृदयाच्या एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत किती वेळ गेला ते तो मोजतो आणि फोनवर आकडे धाडतो. डॉक्टर बरासा आमच्या कड्यावरच्या गावातल्या धावपटूंवर संशोधन करत होते. दोन ठोक्यांमधलं अंतर थोडंथोडं कमीजास्त होत राहिलं तर गडी ताजा, फारच एकसारखं झालं तर थकलेला, असं त्यांचं शास्त्र. माझा नवरा किमाईयो त्यांचा लाडका. डोळे उघडले की अंथरुणातच पट्टा बांधून निपचित पडायचं, असा नेम. चकत्या ओल्या केल्याशिवाय पट्ट्याला काही ऐकू येत नाही. पाणी गार लागतं म्हणून किमाईयो त्यावर चक्क थुंकायचा.

"थुंकी आशीर्वादाला असते रे, पट्ट्याला नाही," त्याची आई कावायची. तिला सगळे कोगो म्हणत, म्हणजे आजी.

"मग आशीर्वादच समज," तो म्हणायचा.

त्याच्या छातीवर कान ठेवून झोपायची मला सवय. दोन ठोके नीट पडायचे, मग काहीच नाही. मी श्वास धरून वाट बघायचे. मग लाथेनं दार उघडावं तसा एक मोठा ठोका पडायचा. मी ते बरासांना सांगितलं.

"अहो वहिनी, पट्टा सरकला तरी तसं दिसतं," ते म्हणाले. "असले वेडेवाकडे ठोके कॉम्प्युटर काढून टाकतो आणि त्या जागी अंदाजानं सरळ ठोके भरतो. चहा गाळतो ना, तसं. सगळ्यांचेच गाळतो."

"पण मी कानानं ऐकलंय."

"आम्ही लुह्या जमातीचे लोक कोंबडीवर जीव टाकणारे, आमचा तर ती दिसली तरी ठोका चुकतो," ते म्हणाले आणि किमाईयो पोट धरून हसला. मला हसू आलं नाही.

गाळून काढलेला आलेख इतका देखणा होता की परदेशी मॅनेजरनं त्याला मोठ्या शर्यतीत घेतलं. ती शर्यत त्यानं पाहिलीच नाही. सरावात, लाल मातीच्या चढावर तो एकदम थांबला, कोणी हाक मारल्यासारखा मागे वळला आणि पडला. मला तेव्हा सहावा महिना होता. बरासा मातीला आले, मान खाली घालून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर राग ठेवायला जागा तरी मिळाली असती.

मुलगा झाला. त्याच्या नाव ठेवण्याच्या दिवशीच बरासांचा निरोप आला, पट्टा न्यायला येतो म्हणून.

आमच्यात नाव माणसं ठेवत नाहीत. बायका पोराभोवती बसून घराण्यातल्या गेलेल्यांची नावं एकेक करून घेतात. पोराच्या नाकाला चिमूटभर तपकीर लावतात. ज्या नावाला पोर शिंकलं, तो माणूस परत आला. मग ते बदलता येत नाही.

"किमाईयोचं नाव कोणी घ्यायचं नाही," कोगोनं आधीच बजावलं. "अर्ध्या रस्त्यात गेलाय तो. त्याची भूक भागलेली नाही. अशाला दारात बोलवत नसतात."

मलाही ते हवंच होतं. खोटं कशाला बोलू, नवरा मला परत हवा होता, पण त्याचं ते हृदय पोराच्या छातीत नको होतं. माझा जीव तेवढ्यातच अडकला होता.

दरीतून धुकं वर चढत होतं. भर दुपारी घरात अंधारून आलं. चुलीचा धूर, तपकीर आणि मुरसिकच्या आंबट दुधाचा वास एकत्र कोंडला होता. "तू अराप तुवेई आहेस का?" पोर गप्प. "तू अराप कोइच आहेस का?" पोर डोळे उघडून दाराकडे बघत होतं. नावं संपत आली. बायकांचे आवाज बारीक होत गेले.

तेवढ्यात धुक्यातून कोणीतरी दाराशी आलं आणि खाकरलं.

"किमाईयो..." बरासांचा आवाज आला. "किमाईयोचं घर हेच ना? धुक्यात काही दिसेना..."

पोर शिंकलं.

मग बायका एकेक करून उठल्या आणि मुरसिकला तोंडही न लावता निघून गेल्या. कोगो तेवढी बसून राहिली.

"जिवंतपणी ऐकलं नाहीस त्याचं," ती बरासांना म्हणाली, "आणि आता बोलावून आणलंस."

त्यांना काही उमगेना. साखरेचा पुडा हातात धरून ते पोराची चौकशी करू लागले, पावसाबद्दल बोलू लागले.

"ताकाला येऊन भांडं लपवू नका डॉक्टर," मी म्हटलं. "पट्टा हवाय ना? देते. पण आधी तो पोराच्या छातीला लावा."

"एवढ्याशा बाळाला? वहिनी, अहो..."

"बैल गेल्यावर झोपा बांधायला आलाच आहात, तर नीट बांधा."

तारेवरून पट्टा आणला. चकत्या ओल्या करायच्या, तर माझ्या तोंडाला थुंकीच येईना. कोगोनं तो ओढून घेतला आणि दोन्ही चकत्यांवर थुंकली, आशीर्वादाला थुंकतात तशी, हलकेच. बरासांनी पट्टा दुमडून पोराच्या छातीवर धरला. फोनवर आकडे धावू लागले. चिमणीएवढ्या जिवाचे भराभर ठोके, कुठे खंड नाही, अडखळ नाही.

"बघा," ते म्हणाले, आणि त्यांचेही डोळे भरून आले. "अगदी साफ."

मीही रडणार होते. पण तो शब्द मला टोचला.

"गाळणी काढा."

"काय?"

"तुमचा तो कॉम्प्युटर जे गाळतो, ते गाळू नका. आहे तसं दाखवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनवर बोट फिरवून काहीतरी बंद केलं.

पोराच्या भराभर ठोक्यांच्या मधूनमधून आणखी ठोके दिसू लागले. संथ, दमदार. पहाटे अंथरुणात पडलेल्या धावपटूचे असतात तसे. दोन नीट... मग काहीच नाही... मग एक मोठा.

"माझा हात लागतोय," बरासा पुटपुटले. "माझेच असतील." त्यांनी टॉवेल मध्ये घेऊन पट्टा धरला. ठोके तसेच. दोन... काहीच नाही... मोठा.

"काढा तो," मी म्हटलं. "पोरावरून काढा आधी."

त्यांनी पट्टा उचलून भिंतीच्या खिळ्याला अडकवला आणि मागे सरले. पोराचे ठोके फोनवरून गेले. संथ ठोके राहिले. पट्टा रिकामा लोंबत होता, त्याला कोणी शिवलेलं नव्हतं, आणि फोनवर आकडे येत होते.

"असं होत नाही..." बरासा म्हणाले. "छातीशिवाय असं होत नाही..."

"छाती शोधतोय तो," कोगो म्हणाली.

मी पोराला उचलून घट्ट धरलं, त्याच्या छातीवर तळहात ठेवला. फोनवर दोन ठोके आले. मग काहीच नाही. मी श्वास धरून मोठ्या ठोक्याची वाट बघत राहिले, पूर्वी कितीतरी रात्री बघितली तशी. फोनवर तो आलाच नाही. आकडे तिथेच थांबले.

तो ठोका माझ्या तळहाताखाली पडला. पोराच्या छातीत, लाथेनं दार उघडावं तसा.

बरासांनी पट्टा नेला नाही, हातही लावला नाही. त्यांचं संशोधन पुढे छापून आलं. त्यात किमाईयोचा आलेख आहे म्हणतात, गाळलेला, सगळ्यात देखणा. त्याचं नाव नाही, नुसता क्रमांक.

पोरगं आता शाळेत जातं. पळतच जातं. लोक मला म्हणतात, अगं जेलागात, बापावर गेलाय, नशीब काढलंस. मी दारातून ओरडते, चालत जा रे मेल्या, चालत जा. पण तो ऐकतोय कुठे?

रोज तो उठायच्या आधी मी त्याच्या छातीला कान लावते. त्या दिवसानंतर तसा ठोका मी पुन्हा ऐकला नाही. बरं वाटतं. मग मी उठते आणि खिळ्याकडे बघते. कोगोला जाऊन किती पावसाळे झाले, घरात आम्ही दोघंच. पट्ट्याला कोणी हात लावत नाही. ऐन कोरड्या महिन्यात, भिंतींना तडे जातात तेव्हासुद्धा, त्याच्या दोन्ही चकत्या ओल्या असतात.