बाजूची सीट

किल्लीतली बॅटरी संपली, एवढीच गोष्ट होती. जेवण करून सिराज खाली उतरला, रिमोटचं बटण दाबलं आणि गाडी गप्प राहिली. कोपऱ्यावरच्या दुकानात नवी बॅटरी सहज मिळाली असती, पण जेद्दाच्या त्या उन्हात कोपराही लांब वाटतो. तो वर आला, कपाटाचा खण उघडला, बायकोच्या किल्लीचं झाकण नखाने उचकटलं आणि तिच्यातली गोल बॅटरी काढून आपल्या किल्लीत बसवली. तिची रिकामी किल्ली परत खणात टाकली. तिला आता कशाला हवी होती?

इब्तिसाम रमजानच्या आधी गेली होती. आणि खरं सांगायचं तर गाडी तिचीच होती. बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली, तेव्हा ही पन्नाशीची शाळामास्तरीण आपल्या पगारातून गाडी घेऊन आली. तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाली की कानामागे मोगऱ्याचं फूल खोवून ती समुद्राकडे चक्कर मारायला निघायची. पट्टा लावायचा मात्र तिला कंटाळा. गाडी टिंग-टिंग करून ओरडेपर्यंत ती लावायची नाही, आणि वर गच्चीतून सिराज ओरडायचा, “अगं, पट्टा लाव, ती गाडीसुद्धा वैतागली.”

“मग या ना खाली,” ती म्हणायची. “एकदा तरी बसा शेजारी.”

“मी काय भाजीची पिशवी आहे, बाजूच्या सीटवर ठेवायला?”

हे उत्तर त्याला इतकं आवडायचं की चारचौघांतही तो ते सांगायचा. शेवटपर्यंत तो काही बसला नाही. ती गेल्यावर मात्र स्टिअरिंगमागे जाऊन बसायला त्याला चार दिवसही लागले नाहीत.

बॅटरी बदलली त्याच्या दुसऱ्याच दिवशी असरनंतर तो खाली आला, तर लिंबाखाली उभी केलेली गाडी उघडी होती. आत बसायला गेला तर गुडघे स्टिअरिंगवर आपटले. कुणीतरी सीट पुढे ओढली होती, आरसाही खाली वळवला होता. बंद काचांच्या आत मोगऱ्याचा वास कोंडला होता. सिराजने सीट मागे ढकलली, आरसा नीट केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हे काम मेव्हण्याचंच. चाळिसावा झाला नाही तोच जमीलने गाडी मागितली होती, बहिणीची आठवण म्हणून. सिराजने तिथल्या तिथे फोन लावला.

“तुला लाज कशी वाटत नाही, जमील? चोरून गाडी उडवतोस? आणि वर आत मोगऱ्याचा वास सोडतोस, मला रडवायला?”

“अबू हाझिम, मी आठवडाभर मदिनेत आहे,” जमील शांतपणे म्हणाला. मुलाच्या नावावरून सिराजला सगळे अबू हाझिम म्हणत, आणि इब्तिसामला उम्म हाझिम. “हवं तर आईला विचारा, ती शेजारीच बसलीय.”

“मग दुसरी किल्ली घेऊन कोण फिरतंय?”

“तिची किल्ली तुमच्याच घरात असेल ना?”

“आहे. पण ती मेलेली आहे. बॅटरी मी काढून घेतली.”



“तिची काढून घेतलीत…” जमील हळूच म्हणाला. “एवढीसुद्धा तिच्याकडे राहू दिली नाहीत.”

सिराजने फोन आपटला. त्याला आता कुणाचं काही ऐकायचं नव्हतं. गाडी माझ्या दारात, कागदांवर वारसा माझा, आणि मलाच जाब विचारतात. आता गाडी एकच किल्ली ओळखेल, बाकी साऱ्या जगाला बाहेर ठेवील. रागाच्या भरात तो गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किल्लीवाल्याकडे गेला.

हा सालमीन येमेनमधल्या हद्रमौतचा, हळू बोलणारा. त्याने स्टिअरिंगखाली यंत्राची वायर खुपसली आणि पडद्याकडे पाहिलं.

“गाडीला दोन किल्ल्या ठाऊक आहेत. दुसरी आणलीत?”

“ती पुसून टाकायचीय.”

“विचार करा, अबू हाझिम. नव्याने जुळवताना जी किल्ली समोर नसते, तिला गाडी विसरते. उम्म हाझिमची असेल ती. ठेवून तरी बघा…”

“गाडी कुणाची आहे?” सिराज कडाडला. “माझी की तुझी?”

सालमीनने मान खाली घातली आणि बटणं दाबली. गाडीचे दिवे एकदा लागले, विझले. यंत्राने काम झाल्याचा आवाज दिला. सिराजने ऐटीत आपल्या रिमोटचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. सालमीनने नवी बॅटरी घालून दिली, तरीही नाही. त्याने सगळं पहिल्यापासून केलं, मग पडद्याकडे बघत राहिला.

“गाडी एक किल्ली ओळखतेय,” तो अगदी हळू म्हणाला. “पण… ही नाही.”

“तुझं यंत्र भंगार आहे.”

“असेल. तुम्ही घरातली किल्ली आणून बघा.”

सिराज पाय आपटत घरी गेला. खणातली किल्ली उचलली, तर ती हाताला गार लागली. एवढ्या उन्हाळ्यात, बंद कपाटात, ओल्या दगडासारखी गार. त्याने झाकण उघडून पाहिलं. आत बॅटरीची जागा रिकामीच होती. परत येईपर्यंत सावल्या लांबल्या होत्या. सालमीन वायर काढून दुकानाच्या पायरीवर उभा होता, गाडीजवळ यायला तयार नव्हता.

सिराजने रिकामी किल्ली पुढे धरली आणि सगळा राग अंगठ्यात आणून दाबली.

गाडीचे दिवे लुकलुकले.

तो स्टिअरिंगच्या बाजूला गेला. दाराची मूठ ओढली, हिसडली, दार हललं नाही. आतून कुणी धरून ठेवावं तसं घट्ट होतं. मग पलीकडे खट्ट आवाज झाला. बाजूच्या सीटचं दार बोटभर उघडलं होतं, आणि त्या फटीतून मोगऱ्याचा वास येत होता.

“अबू हाझिम…” सालमीन पायरीवरून म्हणाला. “नका बसू.”

 पण सबंध गल्ली बघत होती, आणि घाबरला असं दिसण्यापेक्षा त्याला काहीही चाललं असतं. “माझ्याच गाडीला मी भिऊ?” तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा त्या सीटवर बसला.

दार अलगद लागलं. दारांची कुलुपं आपोआप लागली. इंजिन सुरू झालं, तोंडावर गार वारा आला. शेजारची रिकामी सीट सरसर पुढे सरकली आणि थांबली. आरसा खाली वळला. सिराजने दार उघडायला हात नेला, तोच टिंग-टिंग सुरू झालं. त्याने घाईघाईने आपला पट्टा ओढून लावला. टिंग-टिंग थांबलं नाही.

“इब्तिसाम…” त्याच्या तोंडून निघालं. “पट्टा लाव.”

शेजारी कट्ट असा आवाज झाला, आणि टिंग-टिंग थांबलं.