ज्याचं त्यानं पुसावं

तो पलूसच्या वाचनालयात शिरला, तो थेट स्वप्नालीसमोरच्या खुर्चीत येऊन बसला. केसांतून पावसाचं पाणी निथळत होतं, पण ऐट म्हणाल तर जावयाची!

"मी जयराज, रहिमतपूरचा. आल्याच्या शेतीचे माझे व्हिडिओ लाखभर लोक बघायचे. व्हिडिओवाल्या कंपनीनं माझं पानच बंद केलं, कारण न सांगता. तुमच्याकडं जागा आहे म्हणे?"

"हाय की," स्वप्नाली म्हणाली. "पण हितं लाखभर न्हाईत. आमी सारी मिळून शे-दीडशे."

'पाणंद' हा लोकांनी एकमेकांशी लिहून बोलायचा सर्व्हर तिनं स्वतः उभा केला होता. असे लहान लहान सर्व्हर जगभर आहेत, कुठल्या एका कंपनीचे नाहीत, आणि एकावरचा माणूस दुसऱ्यावरच्याशी खुशाल बोलतो. जतकडच्या मेंढपाळाच्या या इंजिनिअर लेकीला आपल्या पाणंदीचा केवढा अभिमान! दर रविवारी या वाचनालयात वर्ग घेऊन ती नव्या लोकांना हाताला धरून आत घेई. पहिला सभासद तिचा बापच, जोतीराम. मेंढरांमागं फिरता फिरता तो मोबाइलवर बोलून लिहायचा.

जयराजचं खातं उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. "इथं तर शुकशुकाट आहे!"

"माणसं आपुन जोडायची असत्यात, पाव्हणं. कंपनी ताटात आणून वाढत न्हाई."

"मग पहिल्या तुम्हीच." तो हसला. "बाकी कुणी... नकोच."

स्वप्नालीनं उगाच कीबोर्ड पुसला. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

पुढच्या रविवारी तो आला, त्याच्या पुढच्याही.

"आज काय अडलं?"

"तुम्ही सांगाल ते!"

आणि एका संध्याकाळी पाणंदीवर त्याचे शब्द उमटले— 'स्वप्नाली, व्हिडिओ हा आता बहाणा आहे. मी तुमच्यासाठी येतो. तुम्ही मला मनापासून आवडता.'

बिचारा! त्यानं फक्त तिला जोडलं होतं, म्हणून ती एकटीच वाचेल असं धरून चालला. वाचत होती सगळी पाणंद. त्याच्या शब्दांखाली रविवारच्या वर्गातल्या बनुबाईंनी लिहिलंसुद्धा, 'आगं बया! पोरगं बरं हाय की.'

लगेच जयराजचा फोन वाजला. "पुसा ते! सर्व्हर तुमचाच आहे ना?"

एका बोटाचं काम होतं. तिचं बोट तिथवर गेलंही... आणि मागं आलं.

"दुसऱ्याचं लिहिलेलं मी असं पुसत न्हाई. तुमचं पान असंच गेलं, तवा कसं वाटलं? हितं ज्याचं त्यानं पुसावं. कसं ते शिकवलंय तुमाला."

"आणि... नाही पुसलं तर?"

"तर ऱ्हाईल. माझा बाप बी वाचंल."

फोन बंद झाला. त्यानं पुसलं, तर तो पुन्हा यायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तो यायला हवा होता, फार हवा होता!

तिनं पान ताजं केलं. शब्द तिथंच होते. खाली नवी ओळ आली होती— 'हे सगळ्यांना दिसतं, आत्ता कळलं. असू दे. पुसत नाही.'

अभिमानानं तिचा ऊर भरून आला. एवढ्यात जोतीरामचं उत्तर आलं, 'पाव्हणं, मेंढरांच्या तळावर या. कळपामागं चालाय येतंय का बघतो.'

स्वप्नालीनं सगळ्यांना दिसेल असंच लिहिलं, 'आबा, त्यास्नी एकट्याला बोलवू नगा. मी घिऊन येतीया.'