खिशातलं काडतूस

“माझ्याकडे पिस्तूल आहे,” असं तो इतक्या अदबीनं म्हणाला, की मला वाटलं खिडकीची सीटच मागतोय.

विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर माणसं वजनावरून भांडतात, रांगेवरून भांडतात. हा मात्र नेमबाज निघाला. परवाना, कुलपाची पेटी, काडतुसांचा वेगळा डबा… सगळं न विचारता समोर. पिस्तूल रिकामं असल्याचं त्यानं सुरक्षा अधिकाऱ्यांना उघडून दाखवलं, तेव्हा त्याची ती शांत बोटं बघता बघता मी पेटीला टॅग उलटा चिकटवला.

“उलटा लागलाय,” तो हळूच म्हणाला.

“दिसतंय मला!” लाजले की मी खेकसते. स्वभावाला काय करणार!

मग स्पर्धांसाठी त्याचं येणं-जाणं सुरू झालं. बाकीचे काउंटर मोकळे असले तरी तो माझ्याच रांगेत. शेजारच्या काउंटरवरची ताई कुजबुजायची, “आला गं तुझा बंदूकवाला!” मी डोळे वटारायचे, पण गाल थोडेच ऐकतात?

“आज तरी हसणार का?” तो विचारायचा.

“हत्यार घेऊन येणाऱ्यांकडे बघून मी हसत नाही.”

“पेटी तर तुम्ही काढून घेता… मग माझ्याकडे उरतं काय?”

बरंच काही उरायचं. ते डोळे, मुख्य म्हणजे. पण तो पडला जाणारा माणूस. जाणाऱ्याला काय सांगायचं?

त्या दिवशी मात्र त्यानं चेष्टा केली नाही. “संघाची निवड चाचणी आहे. वर्षभर याच्यासाठीच राबलोय,” एवढंच म्हणाला. मी चक्क हसून शुभेच्छा दिल्या. पेटी गेली, तोही तपासणीच्या रांगेकडे गेला.

आणि थोड्याच वेळात धावत परत! चेहरा पांढराफटक. मूठ उघडली, तर तळहातावर एक इवलंसं काडतूस.

“सरावाचं जॅकेट… खिशात राहिलं. चूक माझीच.”

“कुणी पाहिलंय का?” ताईनं आवाज खाली आणला. “अहो, तो कोपऱ्यातला कचऱ्याचा डबा. टाका आणि पळा!”

“तो डबा कुणीतरी हातानं रिकामा करत असेल ना, ताई?” तो म्हणाला.

मी सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलावलं. अधिकारी भले होते, पण नियम तो नियम. परवाना पुन्हा तपासला, जबाब लिहून घेतला, काडतूस जमा केलं. तेवढ्यात मी गेटवर फोन केले, साहेबांच्या विनवण्या केल्या, बोलणी खाल्ली. व्हायचं तेच झालं. चाचणीआधी पोचवणारं शेवटचं विमान त्याला सोडून गेलं आणि त्याची उतरवलेली पेटी माझ्याकडे परत आली.

तो काचेजवळच्या खुर्चीवर बसला होता. पेटी त्याच्यासमोर ठेवताना माझाच संयम सुटला.

“चिडा ना थोडं! वर्ष गेलं तुमचं!”

“वाईट वाटतंय… खूप वाटतंय.” त्याचा आवाज पहिल्यांदाच थरथरला. “पण ते डब्यात टाकून गेलो असतो, तर तिथे हात स्थिर राहिला नसता.”

मला भरून आलं. एवढं सगळं हातचं गेलं, तरी हा माणूस कुणावर खापर फोडत नव्हता. माझ्या ओळखीत असं दुसरं कुणी नाही.

“मला तुम्ही आवडता,” मी म्हणाले. खेकसूनच.

तो बघतच राहिला. “हे सांगायला विमान चुकायची वाट बघत होतात?”

“मग कधी सांगणार? तुमच्यामागे रांग असते!”

डोळे भरलेले असतानाही तो हसला. मग मान खाली घालून म्हणाला, “माझ्या घराजवळचा विमानतळ दुसराच आहे… इथे पहिल्यांदा आलो तो तिथलं तिकीट मिळालं नाही म्हणून.”

“आणि नंतर?”

“नंतर तिथलं तिकीट मागितलंच नाही.”

“वेडे आहात,” मी म्हटलं, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले.