लुवांगातला दुसरा दुभाषी

शपथ घेणं आमच्या ख्रिस्ती मंडळीत बसत नाही. त्यामुळे शपथ घेणार नाही, नुसतं सांगते. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही खोटं नाही.

२०१७ चा ऑगस्ट. महिन्याचा शेवटचा आठवडा. मलावीच्या उत्तर टोकाला, चिटिपाच्या डोंगरात एक गाव आहे. खरं नाव देत नाही, लुवांगा म्हणू. तिथे चार दिवस आमच्या उज्जीवन सभा होत्या, लोकांची श्रद्धा जागवायच्या. उघड्या मैदानावर, रोज दुपारी तीन वाजता.

अंधार नव्हता. हे आधीच सांगून ठेवते. जे झालं ते लख्ख उन्हात झालं.

मी त्रुफैना. म्झुझू शहरातल्या आमच्या मंडळीबरोबर नऊ वर्षं गावोगाव दुभाषी म्हणून फिरले. आमचे पाळक, म्हणजे पास्टर, एस्रोन मुलिंबा दक्षिणेकडचे. ते चिचेवात एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. मी ते तुंबुकात सांगायचे. लोक "आमेन" म्हणायचे. मग पुढचं वाक्य.

पाळक, मी, आमेन. पाळक, मी, आमेन.

झोक्यासारखं असतं ते. एकदा लय सापडली की माणूस वर वर जातो.

आणि गाऊन केलेला उपदेश म्हणजे तर माझा जीव की प्राण. माझे वडील तसा करायचे. बोलता बोलता त्यांच्या शब्दांना सूर फुटायचा आणि मागच्या रांगेतल्या बायकासुद्धा डोळे पुसायला लागायच्या. पाळक मुलिंबांना सूर नव्हता. देवमाणूस, पण आवाज म्हणजे पोत्यात कोरडी कणसं हलवावीत तसा. म्हणून मी काय करायचे, त्यांचं कोरडं वाक्य घ्यायचे आणि जरा गाऊन वाढायचे. थोडं पदरचं घालून.

त्यांना तुंबुका येत नव्हती. कळणार कसं?

पहिल्या दिवशी आमच्या ट्रकचा मागचा भाग हेच व्यासपीठ होतं. दोन्ही बाजूंना भोंगे. समोर गवतावर चारशेएक माणसं. वारा असा की कमरेला गुंडाळलेलं माझं चितेंजेचं कापड जागेवर राहीना.

पाळक म्हणाले, "देव तुम्हाला विसरलेला..."

आणि...

"आमेन!"

चारशे माणसं. एका आवाजात.

पाळकांचं वाक्य पुरं झालं नव्हतं. मी तर तोंडही उघडलं नव्हतं.

मला वाटलं, यांना चिचेवा कळत असेल. अर्ध्या देशाला कळते. मी माझं वाक्य म्हटलं. कुणी काही बोललं नाही. तोच विनोद दुसऱ्यांदा सांगणाऱ्याकडे बघतात ना, तसे बघत राहिले.

दुसरं वाक्य. तेच. तिसरं. तेच.

"ताई, जरा चटकन," पाळक माईक झाकून म्हणाले. "तुम्ही मागे पडताय."

"मी मागे नाही पडत, पाळकसाहेब. हेच पुढे पळतायत!"

त्या रात्री जेवताना आमचा ड्रायव्हर वायसन मक्याच्या न्सिमाचा गोळा उसिपा मासळीच्या रश्शात बुडवत म्हणाला, "ताई, उद्या तुम्ही आरामच करा. तुमचं काम लोकच करतायत."

"गप जेव."

"नाही, काळजीने म्हणतोय. घसा तरी वाचेल."

मी त्याला उसिपाची वाटीच दिली नाही परत. इतकी चिडले होते.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, बघूच. पाळकांचं वाक्य झालं की गप्प राहायचं.

पाळक लांबलचक वाक्य बोलले आणि थांबले. मी ओठ घट्ट मिटले.

नुसता वारा.

आणि मग मला दिसलं...

लोक डोलत होते.

हळूहळू. डावीकडे, उजवीकडे. सगळे एका लयीत. मांडीवरची पोरं घेऊन बायका डोलत होत्या, म्हातारे काठीवर हनुवटी टेकून डोलत होते. गाण्यावर डोलावं तसे.

गाणं नव्हतं.

सगळ्यांच्या माना माझ्या डाव्या बाजूला जरा कलल्या होत्या. मी डावीकडे पाहिलं. ट्रकची मोकळी फळी. बाकी काही नाही.

"आमेन!"

सभा संपल्यावर मी हातपंपाशी गेले. तिथे न्यासिचाली म्हणून एक आजी बसली होती. पहिल्या रांगेत बसायची, चांगली ओळख झाली होती.

"आजी, तुम्हाला चिचेवा कळते का हो?"

"छे गं. आमची सुकवा येते आणि तुमची तुंबुका. तीही मोडकी."

"मग पाळक बोलतात ते कळतं कसं?"

"तो सांगतो ना."

"मी सांगते, आजी."

"तू नव्हे गं. तो. तुझ्या आधी सांगतो तो."

मी बादली खाली ठेवली.

"कोण तो?"

आजी विचारात पडली. "नाव... ओळखीचा आवाज आहे बघ. अगदी ओठावर आहे." मग बाजूच्या बाईला विचारलं. तिनेही कपाळाला आठ्या घातल्या. तिलाही ओळखीचाच वाटत होता. तिलाही नाव सांगता येईना.

"पण गातो काय गं!" आजी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "असा उपदेश मी जन्मात ऐकला नाही. तूच मधेमधे बोलतेस. ऐकू देत नाहीस धड."

खरं सांगू? मला त्या क्षणी भीती नाही वाटली.

राग आला.

ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर कान लावून बसले, ती माझ्या खांद्याशी उभी राहून कुणीतरी गात होतं. चारशे लोकांना ऐकू येत होती. आणि मला... वारा.

रात्री पाळकांना सगळं सांगितलं. ते हसले. "ताई, म्हातारीने चेष्टा केली तुमची. यांना चिचेवा येते, झालं. उद्या मी लोम्वेत बोलतो."

लोम्वे त्यांच्या आजीची भाषा. ती आता तिकडे दक्षिणेतच म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी उरली आहे. मला तिचा एक शब्द येत नाही. लुवांगात तर ती कुणी ऐकलीही नसेल.

तिसरा दिवस. पाळक उभे राहिले आणि लोम्वेत काहीतरी सांगायला लागले. चार वाक्यं. काय सांगणार ते आम्हाला आधी सांगितलं नव्हतं. मी माईक पायाशी ठेवला होता.

पहिलं वाक्य. लोक डोलले.

दुसरं. माना डावीकडे.

तिसरं...

सगळं मैदान खो-खो हसलं.

म्हातारे मांड्यांवर थापा मारत होते. न्यासिचाली आजी तर शेजारणीच्या अंगावर पडली.

पाळक मुलिंबा चौथं वाक्य बोललेच नाहीत. तोंड उघडंच राहिलं. त्या दिवशीची सभा तिथेच संपली.

"आजीची गोष्ट होती," ट्रकच्या आडोशाला ते मला म्हणाले. "बोकड आणि मिशनरीची टोपी. आम्ही भावंडं तिसऱ्या वाक्याला हसायचो, ताई. तिसऱ्यालाच."

वायसनने त्या रात्री एकही विनोद केला नाही. "निघू या," एवढंच म्हणाला.

"तो आवाज देवाचा असेल तर अडवणारे आपण कोण?" पाळक म्हणाले. "आणि नसेल, तर या चारशे लोकांना त्याच्या हाती सोडून पळायचं?"

वायसनने ट्रकची किल्ली परत खिशात टाकली.

शेवटी ठरलं. उद्या दोघांनी उभं राहायचं आणि बोलायचं नाही. वाक्यच दिलं नाही तर तो भाषांतर कशाचं करणार?

बरोबर होतं की नाही? मलाही तेव्हा बरोबरच वाटलं.

चौथा दिवस. वायसनने जनरेटर लावलाच नाही. भोंगे मुके. आम्ही दोघं ट्रकवर हात बांधून उभे. समोर माणसं आणखी वाढलेली.

एक मिनिट. दोन.

काहीच नाही.

मला हायसं वाटायला लागलं आणि तेवढ्यात...

डोलणं सुरू झालं.

"मी काही बोललो नाही," पाळक पुटपुटले. "ताई, मी काहीच बोललो नाही."

माझ्या डोक्यात नुसती आग. मी मनात म्हटलं, काय ऐकताय? अरे, काय ऐकताय एवढं? नऊ वर्षं मी या माणसाचे कोरडे उपदेश गोड करून वाढले. माझ्या पदरचं घालून. मी नसते तर लोक झोपले असते. आणि गाणं मात्र तुमच्या वाट्याला?

लोक हसले.

तोंडावर हात ठेवून हसले. पाळकांकडे बघून.

"काय झालं? मला का हसतायत?" पाळक म्हणाले.

माझ्या अजूनही ध्यानात आलं नाही. रागाने डोळ्यांत पाणी आलं आणि मी मनातल्या मनात प्रार्थना केली. प्रभू, एकदाच. एकदाच मलाही ऐकू दे.

"आमेन!"

सगळं मैदान. बायका माझ्याकडे बघत होत्या. डोळे पुसत होत्या. मायेने बघत होत्या.

तेव्हा कळलं.

तो कुणाचं भाषांतर करत होता, ते कळलं.

काही विचार करायचा नाही, असं ठरवलं. करून बघा तुम्ही. ठरवलं की मन आणखीच सैरावैरा पळतं. मग लहानपणी वडिलांनी शिकवलेली झोपायच्या वेळची प्रार्थना घेतली आणि ती मनात घोळवत राहिले. तीच. पुन्हा तीच. लोक शांतपणे डोलत होते. मला वाटलं, जमलं. एवढंच धरून ठेवायचं.

आणि मग...

डोलणं थांबलं.

एकदम. सगळ्या मैदानाचं, एकाच क्षणी.

आमेन नाही.

मी तीच प्रार्थना म्हणत होते. शब्दसुद्धा चुकला नव्हता. पण पुढच्या रांगेतल्या एका आईने आपल्या पोराचे कान दोन्ही हातांनी झाकले. एक म्हातारा उठला. मग त्याच्या मागचे उठले. कुणी ओरडलं नाही, कुणी पळालं नाही. माझ्याकडे न बघता मैदान रिकामं होत गेलं.

एकटी न्यासिचाली आजी राहिली. मी ट्रकवरून उतरले तर माझा हात हातात घेतला तिने.

"पाळकांच्या उपदेशात पदरचं घालत होतीस, ते चालायचं गं. आमच्या गोडीसाठीच केलंस. गाणं ऐकू दे म्हणालीस, तेव्हा तर मला रडू आलं. पण शेवटचं ते..."

"शेवटचं? आजी, मी प्रार्थना म्हणत होते!"

"ती होय. ती ऐकली. त्याच्या नंतरचं."

"त्याच्या नंतर काही नव्हतं!"

आजी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने हात सोडवून घेतला. हळूच, पण सोडवून घेतला.

"मनातून काढून टाक, पोरी," ती म्हणाली. "अजून वेळ आहे."

"काय काढून टाकू? काय म्हणाले मी?"

ती गेली.

मी त्या संध्याकाळी पंधरा-वीस घरं फिरले. दारात उभी राहून विनवलं. कुणी पाणी दिलं, कुणी बसायला चटई टाकली. गावच्या माणसांना वाईट म्हणणार नाही मी. पण सांगितलं कुणीच नाही. "तुझंच होतं, तुला माहीत नाही?" असं एकाने विचारलं. दुसऱ्याने दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर पाळकांनी एवढंच विचारलं, "ताई, ते मला का हसले?"

खरं सांगितलं. नऊ वर्षांचं सगळं.

ते म्हणाले, "माहीत होतं मला. माझ्या वाक्यांना लोक एवढे रडतील होय?" आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या माणसाचं मोठेपण मी विसरणार नाही.

त्यानंतर मी दुभाष्याचं काम सोडलं. वायसन म्हणतो, ताई, डोंगरातल्या लोकांचं काहीतरी असेल, विसरा. माझा भाऊ म्हणतो, ऊन लागलं असेल. म्हणू देत.

मला एकच गोष्ट सोडत नाही. पहिल्या दिवशी लोकांनी आमेन म्हटलं ते पाळकांचं वाक्य पुरं व्हायच्या आधी. आठवतंय ना? बोलणाऱ्याने बोलायच्या आत तो सांगून मोकळा व्हायचा. तो पुढे असायचा. नेहमी.

मग त्या दिवशी शेवटी त्याने जे सांगितलं, ते माझ्या मनात नव्हतंच.

तेव्हा नव्हतं.

आता रविवारी मी मंडळीत अगदी मागे बसते. कुणी गाऊन उपदेश करायला लागलं की जीव अजून वितळतो. डोळे मिटावेसे वाटतात. मिटत नाही. मन मोकळं सोडायची हिंमत होत नाही. देवाच्या घरातसुद्धा मी माझ्याच मनावर पहारा ठेवून बसते, आणि याचा मला किती संताप येतो ते कुणाला सांगू?

परवा माझ्या धाकट्या बहिणीशी कडाक्याचं भांडण झालं. कारण काहीच नव्हतं, वाळत घातलेल्या कसाव्याच्या कंदांवरून झालं. ती पाठ करून चुलीपाशी बसली आणि मी तिच्या मानेकडे बघत उभी होते. रागात एक विचार यायला लागला...

अर्धाच आला. मी तो तिथेच दाबला आणि बाहेर अंगणात येऊन बसले.

ते हेच होतं का?

एवढं तरी कुणीतरी सांगायला हवं होतं.