दातानं सोललेली तार

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी अकोल्यात येऊन गुलाम नबीला जेवताना पाहावं. प्रत्येक घास तो आधी बोटांनी चाळतो.

आणि रात्र वगैरे नव्हती. गेल्या मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. भुतालाही ऊन लागावं अशी.

गुलाम नबी गाड्यांचं वायरिंग करतो. तारेवरचं प्लास्टिक तो दातानंच सोलायचा. बायको नईमा रोज कुरकुरायची, "त्याच तोंडानं जेवता जी तुमी."

त्या दुपारी नितेश आला. अमरावतीहून त्यानं एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. लाल, दोन दारांची, प्रत्येक गतिरोधकावर पोट घासणारी. मागचा ब्रेक लाइट बिघडलेला. ब्रेक दाबला की बंद, पाय काढला की चालू.

संध्याकाळी नव्या बायकोला, पौर्णिमाला घेऊन त्याला चिखलदऱ्याचा घाट चढायचा होता.

"मागचा ट्रक डिक्कीत येऊन बसन तुह्या," गुलाम नबी म्हणाला. "लाइटाबिगर पोरीले नेऊ नको."

"म्हनून तं आलो न चाचा."

गुलाम नबीनं लाइटची काच काढली.

आत ओल होती...

आणि वास. बरेच दिवस न धुतलेल्या, तेलकट डोक्याचा.

त्यानं तार बाहेर ओढली, दातात धरली.

तार कोमट होती...

मऊ होती...

दाताखाली शिजलेल्या कातडीसारखं काहीतरी फाटलं.

तो थुंकला. थुंकीत केस होता. लांब, तेलानं चिकट. त्याचं एक टोक अजून तारेत होतं. दुसरं दाढेत.

गुलाम नबीनं तो बोटाला गुंडाळून ओढला. केस येत राहिला... येत राहिला. शेवटी तुटला.

तेवढ्यात जळत असलेला लाइट विझला.

"नितेश, ब्रेकवरचा पाय काढ."

"मी तं इथं चहा पिऊन राहिलो, चाचा."

आवाज मागून आला.

गाडीत कोणी नव्हतं. ब्रेकचं पायडल मात्र दबलेलं होतं...

मग ते सावकाश वर आलं.

"गाडी ठेवून जा," गुलाम नबी म्हणाला. "सीट खोलून पुरी तार बदलतो. उद्या."

"हॉटेल बुक हाय, चाचा. जोड मारून द्या. कावून घाबरून राहिले?"

त्यानं जोड मारला. नवी तार, जुन्या तारेला. लाइट एकदम नीट लागला. नितेश खुश होऊन गेला. गुलाम नबीनं कपडे धुवायच्या साबणानं चूळ भरली. वास गेला नाही.

दिवेलागणीला नितेशचा फोन आला.

"लाइट एक नंबर, चाचा. पण..."

"पण काय?"

"ब्रेक दाबला का पौर्णिमाले ओकारी येते. तोंडात केस आला म्हनते. ओढून राहिली, तं... सरतच नाही."

मागे कोणीतरी ओकत होतं.

"ब्रेक नको दाबू," असं गुलाम नबीच्या ओठांवर आलं होतं. पण पोरं घाटात होती.

परत आली दोघं. जिवंत. पौर्णिमा माहेरी आहे. पाण्यासारखं पातळ असेल तेवढंच गिळते. नितेशनं गाडी विकली. कोणाला, ते सांगत नाही.

नईमानं तार सोलायचं हत्यार आणून दिलं. गुलाम नबी आता तेच वापरतो.

पण जेवताना मध्येच त्याचा जबडा थांबतो...

दाढेतून कोणीतरी हलकेच ओढतं.

गाडी कुठंतरी चालू आहे.